आचार्यांचा शेवटचा शब्द

हयवदन तार ऑफिसात कामाला होता. समोरचं पितळी यंत्र कडकट्ट करायला लागलं की त्याचा हात आपोआप चालू लागे. कुणाचा बाप वारलेला असो, कुणाला मुलगा झालेला असो, आलेला शब्द आला तसा उतरवायचा. त्यात आपलं काही घालायचं नाही, त्यातलं काही गाळायचं नाही. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरचा निरोपसुद्धा तो शेजारी शब्दाला शब्द पोचवी. "त्या बयेला म्हणावं पाटा परत दे, असं मी तुम्हाला सांगितलं," त्याची बायको वसुमती कपाळाला हात लावून म्हणे, "तुम्ही तिला तोंडावर बया कशाला म्हणालात?"

घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बंगळूरला आलेलं. घरात बोलणं मराठी, पण त्यात कन्नड असं मिसळलेलं की कुठला शब्द कुठला हे कुणी वेगळं काढत नसे. हयवदनचे गुरू भीमाचार्य हेही तसंच बोलत. गांधीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं कौलारू घर होतं. पूर्वी शाळेत संस्कृत शिकवायचे, बायको गेल्यावर एकटेच राहत. संध्याकाळी ओसरीवर दहा-बारा माणसं जमत. त्यांना आचार्य कुठलं प्रवचन देत नसत. ज्याला जे दुखत असेल ते विचारत आणि त्यावर दोन वाक्यं बोलत.

ती दोन वाक्यं मात्र कधी एकाची दुसऱ्याच्या वाक्यांशी जुळत नसत. उपासांनी हाडाची काडं झालेल्या एका विधवेला त्यांनी एकादशीला भात खायला सांगितलं, तेव्हा गल्लीत महिनाभर कुजबुज चालली. त्याच आठवड्यात एका ढेरपोट्या कंत्राटदाराला म्हणाले, "तू महिन्यातल्या दोन्ही कर, निर्जळी." हयवदननं न राहवून विचारलं, "आचार्य, मग यातलं खरं कुठलं?"

"औषध बाटलीत असताना खरंही नसतं, खोटंही नसतं," आचार्य म्हणाले.

आणखी एकदा, हा सगळं उतरवून ठेवतो आहे असं पाहून ते हसले होते. "हयवदना, पाणी पिऊन झालं की तांब्या खाली ठेवावा. डोक्यावर घेऊन गावभर हिंडू नये." हयवदननं मान डोलावली आणि हेही वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत आचार्यांचा दमा विकोपाला गेला. शेवटच्या दुपारी ओसरीवर माणसं दाटली होती, पण आत खोलीत हयवदन एकटाच होता. आचार्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. हयवदननं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. इतका घट्ट की आचार्यांच्या बोटातली पवित्रकाची अंगठी त्याच्या तळव्यात रुतत होती. आचार्यांनी डोळे उघडले, त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बिडु."

बिडु म्हणजे कन्नडमध्ये सोड. मग थोड्याच वेळात छाती शांत झाली.

तो बाहेर आला तेव्हा सगळे उभे राहिले. कुणीतरी विचारलं, "शेवटी काही बोलले का?"

"एकच शब्द," हयवदन म्हणाला. "बिडु."

ओसरीवर एक नि:श्वास पसरला. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. त्या सगळ्या नजरा हयवदनवर खिळल्या होत्या. जन्मभर त्यानं दुसऱ्यांचे शब्द पोचवले होते, पण ते पोचवणाऱ्याकडं असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. आपण त्यांचा हात आवळून धरला होता हे सांगावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण तारेत शब्द तेवढे असतात, पाठवणारा कुठं बसला होता ते नसतं. त्यानं सांगितलं नाही.

त्या गर्दीत त्याचा मेहुणा होता, पद्माकर. हयवदनच्या धाकट्या बहिणीचा, सत्यवतीचा नवरा. मूळचा साताऱ्याकडचा, सरकारी यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून बंगळूरला आला आणि इथलाच जावई झाला. हुशार माणूस, पण मनाचा हळवा. वर्षभर खपून काढलेलं त्याचं एक डिझाइन वरच्या साहेबानं स्वतःच्या नावावर खपवलं होतं, तेव्हापासून तो आतल्या आत जळत होता. म्हणूनच आचार्यांकडं येऊ लागला होता. "बिडु" ऐकल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

उन्हाळा लागायच्या आत पद्माकर घर सोडून गेला.

सत्यवती सकाळीच भावाकडं आली. बरोबर पाच वर्षांची नयना होती. सत्यवती रडत नव्हती. पायऱ्यांवर चपला काढून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "अण्णा, ते गेले. कारखान्याचा राजीनामा दिला आणि गेले. कुठं म्हणून विचारलं, तर एकच बोलले."

"काय?"

"तुला ठाऊक आहे काय ते."

वसुमती चुलीपुढं होती. तिनं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं आणि सारुचं पातेलं उतरवून ठेवलं.

पद्माकरचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. तो हिमालयात गेला नव्हता, बनशंकरीला गेला होता. त्या वेळी बनशंकरी म्हणजे गावाबाहेर. देवीचं देऊळ, कनकपुऱ्याकडं जाणारा रस्ता आणि दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं. देवळापलीकडं तळ्याच्या काठी एक पडका दगडी मंडप होता, त्यात तो जाऊन बसला होता. हयवदन एका सुट्टीच्या दिवशी सायकलवरून तिथं गेला. भगवी वस्त्रं नव्हती, ऑफिसचाच शर्ट होता. दाढी वाढलेली. चेहरा मात्र असा शांत की हयवदनला पाहताक्षणी धडकी भरली.

"पद्माकरराव, घरी चला. पोरगी विचारते."

पद्माकरनं डोळे मिटले.

"आचार्यांनी तुम्हाला जिवंतपणी काय सांगितलं होतं आठवा. ते डिझाइन पुन्हा काढ, यापेक्षा चांगलं काढ, आणि त्याच साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेव. मी तिथंच बसलो होतो."

"ते आधीचं," पद्माकर म्हणाला. "हे शेवटचं. शेवटचा शब्द आधीच्या सगळ्यांवरचा असतो."

 मग हयवदननं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आपण आचार्यांचा हात घट्ट धरला होता, कदाचित त्यांना दुखत असेल, कदाचित ते तेवढंच म्हणाले असतील. सांगताना त्याचे कान तापले.

पद्माकर हसला. ते हसू दयेचं होतं आणि म्हणून फार लागलं. "हयवदनराव, तुम्ही बहिणीसाठी खोटं बोलताय. बोला. भावानं बोलावंच. पण हात काय आणि घर काय, धरलेलं सोडायचं एवढंच ना? शब्द तोच आहे."

परत येताना सायकलची साखळी उतरली ती बसवायला हयवदन रस्त्याच्या कडेला वाकला. ग्रीसनं काळे झालेले हात तसेच घेऊन तो बराच वेळ बसून राहिला. खरं सांगायला उशीर झाला की ते खोट्यासारखं दिसतं, हे त्याला तिथं कळलं.

सत्यवतीनं भावाच्या घरी राहायला नकार दिला. जालहळ्ळीकडं रेडिओच्या कारखान्यात बायकांना कामावर घेत होते, तिथं ती लागली. दिवसभर बारीक तारा डाग देऊन जोडायच्या, मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. नयना दुपारी मामीकडं असे. एकदा हयवदननं बहिणीला विचारलं, "तुला आचार्यांचा राग येत नाही?"

"कशासाठी?" ती म्हणाली. "माझा पहिला मुलगा गेला तेव्हा मी अंथरुणातून उठत नव्हते. आचार्य घरी आले. म्हणाले, धरून ठेव. तुळशीला पाणी, दुधाची वेळ, काय मिळेल ते धरून ठेव. मी धरलं आणि उठले."

"म्हणजे तुला धर सांगितलं, आणि..."

"अण्णा, तू पुन्हा तेच मांडून बसू नकोस," तिनं त्याला तोडलं. "तेव्हा मी बुडत होते, म्हणून धर म्हणाले. आज मी तेच उराशी धरून बसले, तर नवऱ्याच्या नावानं रोज तुळशीपुढं रडत बसेन. माझी बस चुकते, मी निघते."

इकडं मंडपात वेगळंच काही उगवत होतं. मंगळवारी-शुक्रवारी बायका बनशंकरीला लिंबाच्या सालीत दिवे लावायला येत. परतताना त्यातल्या काही तळ्याकडं वळू लागल्या. डोळे मिटून बसलेला शिकलेला माणूस, सोन्यासारखी नोकरी सोडून आलेला. काही विचारलं की एकच शब्द बोलणारा. लोकांनीच त्याला बिडुस्वामी नाव दिलं. कुणी छपराला पत्रे आणले, कुणी घंटा टांगली. आचार्यांच्या ओसरीवरचे जुने लोकही तिकडं जाऊ लागले, कारण शेवटचा शब्द तिथं राहायला गेला होता. आणि तो शब्द गुरूच्या तोंडून ऐकणारा माणूस म्हणून हयवदनचं नाव तिथं आदरानं घेतलं जाई. बाजारात अनोळखी माणसं त्याला नमस्कार करत.  तो मान खाली घालून दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागला.

त्या मंडपात जाणाऱ्यांत एक विश्वासराव होते. बंगळूरच्याच शिवाजीनगरला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून तासन्‌ तास चाकं बसवणारा शांत माणूस. त्यांना मधुमेह होता, रोज सकाळी कंपाउंडर येऊन सुई टोचून जाई. त्या सुईला ते विटले होते. एका शुक्रवारी ते मंडपात गेले, गर्दीतून पुढं झाले आणि हात जोडून विचारलं, "स्वामी, ह्या सुईचं काय करू?"

स्वामींचे डोळे मिटलेले होते. "बिडु," ते म्हणाले.

विश्वासरावांनी सुई सोडली. त्यांची बायको कृष्णाबाई हातापाया पडली, कंपाउंडरनं परोपरीनं समजावलं. पण ते म्हणाले, गुरूंनी मरताना सांगितलेला शब्द आहे, वाया कसा जाईल. आठवड्याच्या आत ते बेशुद्ध झाले. हॉस्पिटलात नेलं तिथून परत आले नाहीत.

ही बातमी हयवदनला तार ऑफिसातच कळली, आणि तीही अशी की विश्वासरावांच्या पुण्याच्या भावाला पाठवायची तार नेमकी त्याच्याच हाताखाली आली. विश्वासरावांनी कुणाच्या शब्दावरून सुई सोडली ते बाजारात त्याच्या कानावर आलं होतं; नाव वाचून त्याचा हात थांबला. सबंध नोकरीत पहिल्यांदाच तो शेजारच्याला म्हणाला, "हे तुम्ही पाठवा," आणि उठून मागच्या अंगणात गेला.

त्या वर्षी आचार्यांची पुण्यतिथी मंडपातच करायची ठरली होती. वसुमतीनं विचारलं, "जाणार का?"

"जाणार. बोलणार."

"तुमच्यावर उठतील."

"उठू देत."

पुण्यतिथीला मंडपात माणसं लोटली होती. आरतीनंतर कुणीतरी हयवदनला, शब्द ऐकणारा म्हणून, पुढं बसवलं. तो उठला आणि सरळ बोलू लागला. पाठ केलेलं असं काही नव्हतं. "मी आचार्यांचा हात घट्ट धरला होता. माझा जीव कासावीस झाला होता, म्हणून आवळून धरला होता. तेव्हा ते बिडु म्हणाले. ते मला म्हणाले, त्या हाताबद्दल म्हणाले असावेत. मी बाहेर येऊन शब्द तेवढा सांगितला, हाताचं सांगितलं नाही. मला मोठेपणा वाटला. विश्वासराव गेले ते माझ्या त्या मोठेपणामुळंही गेले. आचार्य कुणाला कधी सगळ्यांसाठीचा शब्द देत नव्हते. समोरचा माणूस बघायचे."

 मग मागून एकजण ओरडला, "गुरूंना हात दुखला म्हणून बोलले म्हणतोस? गुरूंना?" दुसरा म्हणाला, "घर मोडलं म्हणून सूड घेतोय." ओसरीवरच्या जुन्यांपैकी एकानं हयवदनचं मनगट धरलं आणि त्याला पायऱ्या उतरवून रस्त्यापर्यंत आणलं. तो माणूस वाईट नव्हता; वाटेत हलक्या आवाजात म्हणाला, "खरं असलं तरी आता सांगून काय मिळवलंस? इतक्या लोकांचा आधार काढून घेतोस."  जाताना हयवदननं एकदा मागं पाहिलं. पद्माकर डोळे उघडून बसला होता.

पुढं काही महिने काहीच घडलं नाही. मंडप तसाच भरत राहिला. हयवदनला रस्त्यात नमस्कार करणारे आता तोंड फिरवून जात, आणि ते त्याला बरं वाटे, पण रात्री झोप लागत नसे.

मग एका सकाळी, तो ऑफिसला निघायच्या बेतात असताना, फाटकाशी पद्माकर उभा दिसला. वाळून कोळ झालेला. हयवदननं त्याला आत घेतलं. वसुमतीनं कॉफी आणून ठेवली. पद्माकरनं पेल्याला हात लावला नाही.

"त्यांनी काय विचारलं ते मी ऐकलंच नव्हतं," तो म्हणाला.

"कुणी?"

"विश्वासरावांनी. गर्दी होती, सगळे एकदम बोलत होते. मी कुणाचंच ऐकत नव्हतो. वर्षभर मी कुणाचंच ऐकलं नव्हतं, हयवदनराव. शब्द ठाऊक होता, मग ऐकायचं कशाला? त्या दिवशी तुम्ही म्हणालात, आचार्य समोरचा माणूस बघायचे. मला विश्वासरावांचा चेहरासुद्धा आठवत नाही."

हयवदननं कॉफीचा पेला त्याच्यापुढं सरकवला.

"आता एकच सांगा. तो शब्द खरंच फक्त हातापुरता होता का? तसं असेल तर मी घर मोडलं ते कशासाठी? आणि तसं नसेल, तर मी आता इथं काय करतोय?"

हयवदननं त्याच्याकडं नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले, ओठांना चिरा, नखांत माती. 'होय' म्हटलं तर हा माणूस इथंच कोसळेल, 'नाही' म्हटलं तर परत मंडपात जाईल. आणि खरं तर त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आचार्यांच्या मनात काय होतं ते आचार्यांबरोबर गेलं होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "कधी कळणारही नाही. पद्माकरराव, तुम्ही कधी जेवलात?"

पद्माकर बघतच राहिला. मग त्यानं पदराआड रडणाऱ्या बाईसारखा शर्टाच्या बाहीत चेहरा लपवला. वसुमतीनं भाताला आधण ठेवलं. हयवदन त्या दिवशी ऑफिसला गेला नाही.

सत्यवतीनं नवऱ्याला घरात घेतलं नाही. भाऊ सांगायला गेला तेव्हा डाग द्यायच्या कामानं भाजलेल्या बोटांना ती तूप लावत होती. "ते परत आले, बरं झालं," ती म्हणाली. "मंडपात लोकांना मारत बसण्यापेक्षा बरं. पण अण्णा, मी त्यांच्यासाठी दार लावून बसले होते असं नाही, आणि उघडून बसले होते असंही नाही. मी कामाला जात होते. नयनाला भेटू देत. माझं मला बघू दे."

पद्माकरनं चामराजपेठेत एक खोली घेतली आणि एका लहान शाळेत गणित शिकवू लागला. दर रविवारी तो नयनाला लालबागेत नेई. सुरुवातीला मुलगी त्याच्यापासून दोन पावलं लांब चालायची. पुढं चालून तो बागेत वहीत चित्रं काढत बसे; ती त्यातली रेघ पुसून आपली काढायला लागली, तेव्हा तो ती गोष्ट हयवदनला सांगायला धावत आला. घर मात्र पुन्हा एक झालं नाही. सत्यवती त्याच्याशी बोले, सणाला ताट वाढी, संध्याकाळ झाली की तो उठून आपल्या खोलीवर जाई. मंडपात दुसरा कुणीतरी येऊन बसला. तो काय बोलतो याची हयवदननं कधी चौकशी केली नाही.

विश्वासरावांच्या कृष्णाबाईंकडं जायला हयवदनला फार दिवस धीर झाला नाही. पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी दार उघडलं, त्याला पाहिलं आणि लावून घेतलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्या दारातच म्हणाल्या, "तुमच्या आचार्यांचं काही सांगायला आला असाल तर नको."

"नाही," तो म्हणाला. "पागोळीचं पाणी भिंतीत मुरतंय, रस्त्यावरून दिसतं. कौलं बघू का?"

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो शिडी आणून वर चढला. त्यानंतर तो जात राहिला. कधी कौलं, कधी नळ. आतली खोली त्यानं कधी पाहिली नाही. बाई त्याच्याशी कामापुरतं बोलत आणि काम संपलं की दार लागे. शिवाजीनगरच्या बाजारात समोरून दिसला तर त्या रस्ता ओलांडून जात, हेही चालूच राहिलं.

पासष्ट साली त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मूलबाळ नव्हतं, पुण्याच्या दिरानं यायला जमणार नाही असं कळवलं. शेजारणीनं हयवदनला निरोप धाडला. त्यानं रजा टाकली, टांगा आणला, त्यांना किल्ल्याजवळच्या हॉस्पिटलात नेलं. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि डोकं हलवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुपारी वॉर्ड शांत झाला. खिडकीबाहेर कुणीतरी शेंगा विकत होता. हयवदन खाटेशेजारच्या स्टुलावर बसला होता.

"कोण आहे?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"मी. हयवदन."

 पट्टीखालचं त्यांचं तोंड घट्ट मिटलं. तो उठून जावं की काय असा विचार करू लागला.

"बसा," त्या म्हणाल्या. "पण बोलू नका."

तो बसून राहिला.